अनोमासाठी विज्ञान

"बाबा, हे तीन आहेत. यातला एक तुम्ही निवडून द्यायचा."

विशाखानं सतरंजीवर विज्ञानाच्या अभ्यासाचे तीन गठ्ठे मांडले आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. डिसेंबरची सकाळ होती. वरूडजवळ एका संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहत होती. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात बसून माझी नात अनोमा, वय वर्षं आठ, संत्र्याची साल दाबून तिचा फवारा आपल्याच डोळ्यांत उडवून घेत होती.

"यात निवडण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो. "मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, विशाखा."

"म्हणून तर बोलावलं नं तुम्हाला."

तिचं हे बोलणं मला आवडलं. खोटं कशाला सांगू? हिंगणघाट तालुक्यात 'रामटेके सर' म्हटलं की लोक खुर्ची पुढे करायचे. माझा वर्ग शिष्यवृत्तीच्या यादीत नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. माझ्या टाचणवह्या, म्हणजे रोजचा पाठ आधी लिहून काढायच्या वह्या, तालुक्याच्या शिबिरात टेबलावर मांडून ठेवायचे, नव्या मास्तरांनी पाहाव्यात म्हणून. आदर्श शिक्षक पुरस्कार झाला होता. आणि या सगळ्याच्या वर माझी मुलगी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. कुठेही सत्कार असला की मी भाषणात सांगायचो, "तिच्या विज्ञानाचा पाया माझ्या चौथीच्या वर्गात घातला गेला." टाळ्या पडायच्या.

पण त्या सकाळी मनात एक कडूपणाही होता. माझ्या वडिलांना लहानपणी शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं. चार दिवस ते बाहेर बसून ऐकत राहिले, पाचव्या दिवशी गेलेच नाहीत. जन्मभर मजुरी केली. मला मात्र त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलं आणि मास्तरांसमोर असं उतरवलं, जसा एखादा माणूस देवळात नारळ ठेवतो. त्याच घरातली चौथी पिढी, आणि तिला तिच्या आईनं शाळेतून काढून घरी बसवलं होतं.

कारण होतं, नाही असं नाही. विशाखा एका संस्थेसाठी भूजलाचं सर्वेक्षण करायची. गावोगावच्या विहिरींची पाण्याची पातळी मोजायची, नोंदी ठेवायच्या, सहा महिन्यांनी पुढचा तालुका. जावई मिलिंद जहाजावर, वर्षातले सात महिने समुद्रात. दोन वर्षांत अनोमाच्या तीन शाळा झाल्या. तिसऱ्या शाळेत तिनं बोलणंच सोडलं. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं. जमलेल्या मैत्रिणी दर वेळी सोडून याव्या लागतात म्हटल्यावर तिनं नव्या करायच्या बंद केल्या, इतकंच. शेवटी विशाखानं ठरवलं, पाचवीपर्यंत घरीच शिकवायचं. भाषा आणि गणित तिनं कसंबसं मार्गी लावलं होतं. विज्ञानापाशी मात्र ती अडली होती, कारण, ती म्हणाली, "हे एक चुकलं तर मले स्वतःला माफ करता येणार नाही."

माझ्या मनात वेगळंच होतं. मी निघण्याआधी माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून आलो होतो. आठ दिवस राहायचं, ही घरची शाळा कशी चालत नाही ते शांतपणे दाखवून द्यायचं, आणि अनोमाला घेऊन हिंगणघाटला परत यायचं. कौसल्येनं, माझ्या बायकोनं, नातीसाठी खाटसुद्धा उन्हात टाकून ठेवली होती.

"ठीक आहे," मी म्हणालो. "तिन्हीतला एकेक पाठ मी हिला शिकवतो. तू बस आणि बघ. मग ठरवू."

पहिला गठ्ठा म्हणजे मिलिंदनं मागवलेली मोठी खोकी. आत रोजचा एक रंगीत पाठ, सगळं इंग्रजीत, शिवाय भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तापमापी, फार देखणं सामान. त्या आठवड्याचा पाठ होता 'थंडी'. चित्रात बर्फ, बर्फाचा माणूस, त्याच्या गळ्यात लाल मफलर. अनोमानं तो माणूस मन लावून रंगवला. मग विचारलं, "आबा, हे लोक संत्री कधी तोडत असतील?"

"त्यांच्याकडे संत्री नसतात."

"मंग थंडीत काय करतात ते?"

विशाखा तोंड फिरवून हसली. मी खोकी बंद केली. मनात म्हटलं, एक गेला.

दुसरा गठ्ठा म्हणजे पुण्याकडच्या काही आईबापांनी आपल्या मुलांसाठी तयार केलेली पानं, तारेनं बांधलेली. धडा नाही, व्याख्या नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. पहिल्या पानावर एवढंच, की बाहेर जा आणि हिरव्या रंगाच्या पाच वेगवेगळ्या छटा शोधून आण. पोरगी जी बागेत गेली ती दीड तासानं उगवली. ओच्यात पानं, गवत, कच्चं संत्रं आणि एक हिरवा किडा.

"यातून काय शिकलीस?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण पाच नाही, चौदा सापडल्या."

"चौदा सापडल्या, पण परीक्षा कशाची घ्यायची?" मी विशाखाकडे पाहिलं. अनोमा त्या किड्याला पुन्हा झाडावर सोडायला गेली.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी. सरकारी परिसर अभ्यासाचं पुस्तक आणि माझं टाचण. पाठ पाण्याचा. मी इस्त्रीचा सदरा घातला, खोलीतल्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं तारीख टाकली, विषय लिहिला, वार लिहिला. आणि शिकवलं. मला शिकवता येतं हो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, मुलाच्या तोंडून अर्धं वाक्य कसं काढून घ्यायचं, हे सगळं हातात बसलेलं. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, आकार नसतो. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. वीस मिनिटांत अनोमाला सगळं पाठ झालं होतं. मी विचारावं आणि तिनं खणखणीत उत्तर द्यावं. शाळेत गप्प झालेली पोर माझ्यासमोर टाळी वाजवल्यासारखी बोलत होती. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून विशाखाकडे पाहत होतो. झालं, आता ही स्वतःच म्हणणार, बाबा, घेऊन जा हिला.

"शाब्बास," मी म्हणालो. "काही शंका?"

हे मी प्रत्येक पाठाच्या शेवटी विचारायचो. टाचणातच लिहिलेलं असायचं.

अनोमानं हात वर केला. "आबा, आपल्या विहिरीचं पाणी सकाळी गरम काहून असते? मी तोंड धुते तेव्हा त्याच्यातून धूर निघते."

"काहून नाही, का," मी दुरुस्त केलं. "आणि धूर नाही, वाफ."

"वाफ. का असते?"

"ते आपल्याला वरच्या वर्गात आहे. आज आपण काय शिकलो ते सांग बरं. पाण्याला रंग..."

"नसतो," ती म्हणाली.

विशाखा उठली. तिनं मापाची फीत आणि वही पिशवीत टाकली, "मी विहिरींच्या नोंदी घेऊन येते," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. तिच्या वेळेच्या दोन तास आधी.

ती परतली तेव्हा दिवस कलला होता. अनोमा आवारात खेळत होती. मी ओट्यावर बसून होतो. विशाखानं चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"कसा वाटला पाठ?" मीच विचारलं.

"छान झाला. तुमचे पाठ छानच होतात, बाबा."

"मग तू उठून का गेलीस?"

"जाऊ द्या नं."

"नाही, सांग. मी पाहुणा म्हणून नाही आलो इथं. तूच बोलावलंस."

 ती खाली बसली.

"चौथीत मी तुमच्या वर्गात होती. हाच पाठ होता. तुम्ही म्हणाले, पाणी जमिनीत मुरतं. मी हात वर केला आणि विचारलं, गुरुजी, मुरून मग थांबतं कुठं? खाली तळं आहे काय?" वर्गात ती मला गुरुजीच म्हणायची, मी तसा नियम केला होता. "आठवते तुम्हाला?"

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणाले, हे परीक्षेत येणार आहे काय? सगळी पोरं हसली. मी म्हटलं, नाही, पण थांबतं कुठं? तर तुम्ही मले तास संपेपर्यंत उभं केलं. घरी आल्यावर आईले म्हणाले, मास्तरची पोरगी म्हणून लाड करतो असं वाटायला नको कुणाले."

"असं झालं असेल," मी म्हणालो. "त्या वेळी पंचेचाळीस मुलं असायची वर्गात. पाठ पुरा करायचा तर..."

"मी तक्रार नाही करून राहिली, बाबा. पण त्याच्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही. दहावीपर्यंत नाही. बारावीपर्यंत नाही. तुम्ही भाषणात सांगता नं, पाया चौथीत घातला म्हणून? मी खाली बसून ऐकते. दर वेळेस वाटते, उठून जावं."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. आणि ती आवाजही चढवत नव्हती.

"मग विज्ञान कुठून आलं तुझ्यात?" मी विचारलं. प्रश्नात राग होता, हे मला बोलता बोलताच कळलं.

"आजोबांकडून."

"कोणत्या आजोबांकडून?"

"तुमच्या बाबांकडून. डोमाजी आजोबांकडून."

माझे वडील विहिरी खोदायचे. आतापर्यंत मी मजुरी म्हटलं ना, ती ही मजुरी. पहारी, सब्बल, घमेलं, सुरुंग. आसपासच्या वीस गावांत त्यांनी विहिरी खोदल्या. मला नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी मी त्यांना ते काम सोडायला लावलं. सांगताना मी म्हणायचो, वय झालं, धोका आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. मी शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला माझे वडील चिखलानं माखून विहिरीतून वर येताना दिसायचे आणि सोबतचा मास्तर विचारायचा, ओळखीचे काय सर? मी घरात सक्त सांगितलं होतं, विशाखानं विहिरीवर पाय ठेवायचा नाही. ते तरीही जायचे, मला चोरून, हे मला माहीत होतं. तीही जायची, हे माहीत नव्हतं.

"मले उभं केलं त्याच्या पुढच्या रविवारी," विशाखा सांगत होती, "मी आजोबांना तोच प्रश्न विचारला. ते उठले. मले घेऊन गेले. कुठल्याशा पाटलाची विहीर चालू होती, पाणी लागत आलं होतं. वरच्या गड्यांनी टोपलीत बसवून दोरानं मले खाली सोडलं, ते आधीच खाली उतरले होते. म्हणाले, हात लाव भिंतीले. मी लावला. दगडाला बारीक चीर होती आणि त्याच्यातून पाणी येत होतं. आजोबा म्हणाले, तळं नाही माय, असंच चालत येते ते, भेगाभेगातून. पाऊस गेल्यावरबी चालतच असते. मी विचारलं, कुठून येते? तर म्हणाले, ते मले माहीत नाही. तू शिक आणि मले सांग."

तिनं माझा कप उचलला. "ते गेले तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. सांगायचं राहूनच गेलं."

अनोमा धावत आली आणि आईच्या मांडीत पडली. बोलणं तिथेच थांबलं.

त्या संध्याकाळी मी जेवलो नीट नाही. सकाळच्या गाडीनं निघून जावं असं ठरवलं. पिशवी भरूनसुद्धा ठेवली. कौसल्येला फोन केला, म्हटलं, उद्या येतो.

"पोरीले घेऊन?"

"नाही. एकटाच."

"काय झालं?"

"काही नाही."

"मंग दोन दिवस थांबा," ती म्हणाली. "काही नाही झालं तेव्हा तुम्ही असे बोलत नाही."

सकाळी जाग आली ती थंडीनं. बाहेर आलो तर अंगणात दात वाजत होते. अनोमा विहिरीजवळच्या दगडावर बादलीत हात बुडवून बसली होती, चेहऱ्यावर असं सुख जसं कुणी शेकोटीशी बसावं. पाण्यातून वाफ निघत होती.

"आबा, हात घाला. मज्जा येते."

मी हात घातला. कोमट होतं. साठ वर्षं मी हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यानं तोंड धुतलं होतं आणि साठ वर्षं ते कोमट होतं. मी मनातल्या मनात उत्तर शोधू लागलो, कारण मास्तरला उत्तर यायलाच हवं. जमिनीत उष्णता असते म्हणून? मग उन्हाळ्यात तेच पाणी गार का लागतं? तेव्हा उष्णता कुठे जाते? मला स्पष्ट कळलं की मी हे कधी वाचलेलं नाही आणि कधी विचारही केलेला नाही.

"अनू," मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी अपेक्षा केली होती तसं काही नव्हतं. निराशा नव्हती. उलट डोळे मोठे झाले.

"तुम्हालेबी नाही?"

"मलाही नाही. बघायचं का आपण?"

"काहून नाही!" ती उठलीच. या वेळी मी तिचं 'काहून' दुरुस्त केलं नाही.

मिलिंदच्या खोक्यातली तापमापी काढली. दोन रकाने आखले, एक विहिरीच्या पाण्याचा, एक हवेचा. दोरीनं बादली खोल सोडायची, भरली की भराभर ओढायची, आणि लगेच तापमापी बुडवून वाचायचं, हे तिनंच ठरवलं, कारण "बादली उन्हात ठेवली तर तिले ऊन लागेल नं." दिवसातून तीन वेळा. सकाळी, भर दुपारी, दिवस बुडताना. मी वाचायचो, ती लिहायची. दुसऱ्या दिवसापासून ती वाचायची आणि मी लिहायचो, कारण माझा चष्मा तापमापीच्या बारीक रेघांना पुरत नव्हता. विशाखा येता-जाता पाहायची. काही विचारायची नाही. माझी भरलेली पिशवी दाराशी तशीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोमा वही घेऊन ओट्यावर बसली. हवेचा रकाना बोटानं वरून खाली वाचू लागली. नऊ, अठ्ठावीस, एकोणीस. दहा, अठ्ठावीस, वीस. नऊ, एकोणतीस. मग पाण्याचा. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. पंचवीस, सव्वीस, पंचवीस. पंचवीस, पंचवीस.

"आबा, हे आपण चुकीचं लिहिलं काय? हे तर हलतच नाही."

मला ते त्याच क्षणी कळलं. पण मी तोंड मिटून बसलो. चौतीस वर्षांत उत्तर कळूनही गप्प बसण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि फार जड गेलं, सांगतो.

ती उठली, दोर सोडून बादली काढली आणि हात बुडवला. दुपारचं ऊन होतं. "आता गार लागते!" मग वहीकडे पाहिलं, तापमापीकडे पाहिलं. पुन्हा बुडवला. आणि मग ती अशी ओरडली की बागेत संत्री भरत असलेल्या बायांनी माना वर केल्या.

"आई! आई, पाणी गरम होतच नाही! ते तसंच राहते! हवाच थंड होते, हवाच गरम होते, आन् आपल्याले वाटते पाणी बदललं!"

विशाखा आतून धावत आली. अनोमानं तिच्या हातात वही कोंबली. विशाखानं रकाने वाचले, एकदा, दोनदा. मग मुलीला उचलून घेतलं. आठ वर्षांची पोर, पाय आईच्या गुडघ्यांखाली लोंबत होते तिचे, तरी उचलून घेतलं.

त्या संध्याकाळी आम्ही निवड केली. मी तिन्हींपैकी सरकारी पुस्तकच निवडलं. विशाखाला आश्चर्य वाटलं.

"मला वाटलं, तुम्ही आता ती पुण्याची पानं घ्या म्हणाल."

"ती जोडीला ठेव. खोक्यातलं सामानही ठेव. पण पुस्तक हेच. इथून पुढे ती कोणत्याही शाळेत गेली तरी तिला क्रम सापडेल. आणि हे बघ." मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. धड्याधड्यातून छोट्या चौकटी होत्या, मुलांनी स्वतः करून पाहायच्या गोष्टींच्या. आदल्या रात्री झोप उडाल्यावर पहाटे उठून मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं होतं, मास्तरसारखं नाही, पोरासारखं. "पुस्तकाची काही चूक नव्हती, विशाखा. या चौकटी मी चौतीस वर्षं वगळल्या. वेळ पुरत नाही म्हणायचो. तू हिला आधी चौकट कर, मग वाटलं तर धडा वाच."

तिनं पुस्तक हातात घेतलं. "बाबा, मी त्या दिवशी जास्त बोलली."

"नाही. बरोबर तेवढंच बोललीस."

मुख्याध्यापकांना मी फोन करून सांगितलं, नात येत नाही. माझी पिशवी रिकामी करून मी तिथे आणखी एक महिना राहिलो. अनोमा पाचवीत शाळेत गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या बाईंचा फोन आला होता, मुलगी फार प्रश्न विचारते म्हणून, आणि बाई हे कौतुकानं सांगत होत्या. आता ती अकरावीला आहे. पण माझ्या मनात ठसलेला दिवस तो नव्हे. तो वरूडच्या त्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यातला.

बागेचे मालक मनोहरराव खेरडे त्या दिवशी विहिरीवर आले होते. विहीर जुनी, चाळीस फुटांची, पाणी खाली जात चाललेलं. ती आणखी खोल करावी की नाही, हे ते विशाखाला विचारत होते. विशाखा फीत सोडून पातळी मोजत होती. अनोमा काठावर पालथी पडून आत डोकावत होती, मी तिचे पाय धरून बसलो होतो.

"आबा, भिंत वर काळी, मग पिवळी, मग लाल, मग दगडाची काहून आहे?"

हे मला येत होतं. कोणत्याही पुस्तकातून नाही. दहा वर्षांचा होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी वडिलांच्या मागे घमेली वाहिली होती.

"वरची काळी, ती शेताची माती," मी म्हणालो. "तिच्या खाली मुरूम. पहार मारली की खस्सकन जाते, पण पाणी धरून ठेवत नाही. त्याच्या खाली ती लाल पट्टी दिसते ना, ती लागली की खोदणारे सावध व्हायचे, कारण तिच्या आसपास पाझर असतो. मग हा काळा खडक. तो पहारीनं वाजवून बघायचा. भरीव वाजला तर आत पाणी नाही, पोकळ वाजला तर भेग आहे. मनोहरराव, उत्तरेकडच्या बाजूला ती ओल दिसते का? खोल करायची असेल तर त्या अंगानं करा."

विशाखानं फितीवरून मान वर केली. "मी हेच लिहिलं आहे अहवालात," ती हळू आवाजात म्हणाली. "उत्तरेकडूनच."

खेरडे माझ्याकडे बघत राहिले. पांढरा सदरा, खिशाला पेन, पायात बूट. "सर, तुम्ही तर मास्तर होते म्हणे. तुम्हाले विहिरीतलं येवढं कसं काय समजते?"

तालुक्यातल्या कितीतरी माणसांनी कितीतरी वेळा मला विचारलं होतं, वडील काय करायचे सर? आणि मी म्हणायचो, मजुरी. तेवढ्यावर माणसं थांबायची. त्या दिवशी त्या काठावर मी अनोमाला मागे ओढून बसवलं, उभा राहिलो आणि सदरा नीट केला.

"माझे वडील विहिरी खोदायचे," मी म्हणालो. "डोमाजी रामटेके. वीस गावांत खोदल्या. एकही कोरडी लागली नाही."

"असं!" खेरडे म्हणाले. "मंग तर तुमच्या घरातच आहे हे."

"हो," मी म्हणालो. "आमच्या घरातच आहे."

 विशाखानं फितीचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन ती पायऱ्या उतरून विहिरीत गेली. खालून तिचा आवाज आला, "बाबा, घट्ट धरा," आणि अनोमा वही उघडून आकडा लिहायला तयार होऊन बसली.